ओल्या हातांची मॅट्रिक

माझे तळहात लहानपणापासून ओले. थंडीतसुद्धा! पाटीवर अक्षर गिरवलं की हाताखाली नुसता चिखल. आळीतल्या बायका म्हणायच्या, "लई भित्री हाय पोर. काळीजच न्हाय हिला." काळीज नाही म्हणे! साऱ्या तुळजापुरात माझ्याइतकी भांडखोर पोर दुसरी दाखवा की.

मॅट्रिकच्या वर्षी वडील मला धाराशिवच्या दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी हात उलटासुलटा बघितला आणि म्हणाले, "हायपरहायड्रोसिस." वडिलांचं तोंडच उतरलं. नावच एवढं लांबलचक, म्हणजे रोग केवढा असेल! डॉक्टर हसले. "अहो, ग्रीक शब्द आहे. हायपर म्हणजे जास्त, हिद्रोस म्हणजे घाम. बस्स."

हात्तिच्या! आमची आई रोज तेच तर म्हणायची, "पोरीला लई घाम येतो." म्हणजे ग्रीक लोकांचेही हात ओले होत असणार, नाहीतर शब्द आला कुठून? मला तो फार आवडला. त्यात भित्री कुठंच नव्हतं. परतीच्या एस.टी.त मी तो घोकून घोकून पाठ केला.

परीक्षेत मी हाताखाली रुमाल धरून लिहायची, नाहीतर शाई पसरायची. इतिहासाच्या पेपरला पहाऱ्यावरच्या मास्तरांनी तो रुमालच उचलला. "काय लिहून आणलंय यावर? हाताला घाम फुटलाय बघ. चोराच्या मनात चांदणं!" आणि रुमाल घेऊन चालू लागले. इकडं माझ्या उत्तरावर निळा डाग पसरला. घरात लग्नाची बोलणी सुरू होती. नापास झाले असते तर पुन्हा परीक्षेला कोण बसू देणार होतं मला?

मी ताडकन उभी राहिले. "सर, मला हायपरहायड्रोसिस आहे. ग्रीक शब्द आहे. जास्त घाम, एवढाच अर्थ. त्यात चोरी कुठंय, सांगा."

"मला शहाणपण शिकवतेस? पोटात पाप नसलेल्या माणसाला घाम येत नसतो. बस खाली!"

मार्चचं ऊन, वर तापलेले पत्रे. ते वळले, तर सदरा पाठीला गच्च चिकटलेला.

"मग सर," मी म्हणाले, "तुम्ही काय चोरलंय?"

अख्खा वर्ग खदखदून हसला. मास्तरांनी रुमाल झटकला, उलटा केला, उजेडाला धरला. कोराच होता. तो त्यांनी माझ्या बाकावर आपटला. मी हात पुसले आणि डागाखालच्या ओळीपासून पुन्हा लिहायला लागले.