फिजोआच्या पानावरची हळद

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. मी भंडारा उचलला होता.

देवळात नाही. इथे परदेशात, हॅमिल्टनमधल्या एका गॅरेजमध्ये, शनिवारी दुपारी. शेखरदादांनी गाड्या बाहेर लावल्या होत्या. मधे कॅम्पिंगचं टेबल, त्यावर स्टीलचं ताट, ताटात इंडियन शॉपमधली हळद. आमच्या भागात गावोगावी ही चाल आहे. निवडणुकीत मतं फुटू नयेत म्हणून बेल-भंडारा उचलायला लावतात. देवाची हळद हातात घेऊन शब्द द्यायचा. मग मत फिरवलं तर देव बघून घेतो.

इथे बेल कुठला मिळायला. दादांच्या बायकोने मागच्या अंगणातल्या फिजोआची, म्हणजे इथल्या पेरूसारख्या फळझाडाची, पानं तोडून आणली. पुण्याची आयटीतली मुलं हसायला लागली. एकाने विचारलंच, "दादा, देवाला फिजोआ चालेल का?"

"देवालाही रेसिडेन्सी मिळालीय रे. चालतंय आता सगळं."

सगळे हसले. मीही.

दादा फलटणकडचे. चुलते बाजार समितीत, मामा साखर कारखान्यात. राजकारण रक्तातच. इथे घरं विकायचा धंदा आणि गणेशोत्सवाच्या मंडळाचं अध्यक्षपद. मंडळातल्या सगळ्या घरांना त्यांनी इथल्या एका राजकीय पार्टीचं सभासद करून घेतलं होतं. आरतीनंतर, प्रसादाच्या रांगेत. कुणी विचारलं नाही की ही पार्टी का. दादा म्हणाले म्हणून.

आमच्या मतदारसंघात पार्टीचा उमेदवार कोण, हे पार्टीचे सभासद सभा घेऊन, मत टाकून ठरवणार होते. दोघं उभे होते. एक ब्रेंट. गोरा, उंच, जुन्या डेअरी फार्मवाल्या घरातला. त्याने दादांना पुढच्या वेळी कौन्सिलच्या निवडणुकीत पार्टीचा पाठिंबा कबूल केला होता. दुसरी सुजाता. हॉस्पिटलात नर्स. मराठी. आमच्याच मंडळींतली म्हणावी तर होती, म्हणू नये तर नव्हती. कारण तिने नाव लपवलं नव्हतं, आडनाव लपवलं नव्हतं, आणि दर एप्रिलला कम्युनिटी सेंटरचा हॉल घेऊन ती जयंती करायची.

गोऱ्यांची मतं दोघांत अर्धी अर्धी वाटली गेली होती. म्हणजे निकाल आमच्या हातात.

"ब्रेंट आपला माणूस आहे," दादा म्हणाले. "पार्टीशी निष्ठा म्हणजे काय? आपल्या माणसाशी निष्ठा. उगाच कुंपणावर बसायचं नाही, भाषण ऐकून ठरवू म्हणायचं नाही. आणि ती बाई. इथे येऊनही तेच घेऊन बसलीय. यांना कुठेही न्या, कोटा लागतोच."

परत हसू. मी हसलो. आवाज आला नाही, पण दात दिसले असणार.

मग दादा ताट घेऊन निघाले. एकेकाने पान उचलायचं, हळदीत बुडवायचं, ब्रेंटचं नाव घ्यायचं. नाव घेतलं की दादा आपल्या अंगठ्याने त्याच्या कपाळाला हळद लावायचे, पाठीवर थाप मारायचे. माझ्यापर्यंत आले. मी पान उचललं. नाव घेतलं. कपाळ पुढे केलं.

दादांनी अंगठा वर केला नाही. ताट पुढे धरलं. जरा लांबूनच.

"तुमचं तुम्हीच लावा, सर," ते म्हणाले. मग आवाज खाली आणून, हसत हसत, "माझे साडू तुमच्याच कॉलेजच्या ऑफिसात होते. तुमचं आधीचं आडनाव माहितेय मला. काळजी करू नका. आपल्यातच राहील."

बाकीच्यांनी ऐकलं नाही. बघितलंही नसेल. बघितलं असतं तरी कळलं नसतं. मला कळलं. सात पिढ्यांना कळलं असतं.

मी माझ्या हाताने माझ्या कपाळाला हळद लावली.

माझं आडनाव गावावरून आहे. वडिलांचं नव्हतं. पुण्यात पहिली नोकरी शोधताना मी ते गॅझेटात देऊन बदलून घेतलं. घरमालक विचारायचे, मेसवाल्या काकू विचारायच्या. नव्या आडनावावर कुणी थांबत नव्हतं. इथे आल्यावर तर प्रश्नच मिटला, असं वाटलं. शहरातल्या ते-रापा नावाच्या भागात, दूध पावडरच्या कारखान्यात मी बॉयलर आणि वाफेच्या लाइन सांभाळतो. तिथे कुणाला जात कळत नाही. तिथे मी फक्त इंडियन. इंडियन असणं मला सोपं वाटायचं. शनिवार-रविवारी मराठी लोकांत गेलो की अवघड व्हायचं. एकदा गणपतीच्या जेवणात कुणीतरी सहज विचारलं, तुम्ही देशस्थ का? मी मान हलवली. नुसती मान. त्या मानेवर बारा-तेरा वर्षं काढली.

बायको म्हणायची, कशाला जायचं त्यांच्यात. मी म्हणायचो, मुलीच्या कानावर मराठी पडतं. मुलगी इंग्रजीतच उत्तर द्यायची. तिच्या मराठीसाठी जातो, हे मी स्वतःलाच पटवत होतो. मला त्यांच्या पंगतीत बसायचं होतं. एवढंच होतं ते.

त्या शनिवारच्या आधी सुजाता माझ्या घरी येऊन गेली होती. ती सगळ्या सभासदांच्या घरी जात होती, ड्युटी संपवून, हॉस्पिटलच्याच बुटांत. चहा घेतला. इमर्जन्सीत लोक किती तास बसून राहतात ते सांगितलं. ओलसर भाड्याच्या घरांतली लेकरं हिवाळ्यात छाती भरून येतात, बरी होऊन त्याच घरात परत जातात आणि पुन्हा येतात, ते सांगितलं. मग माझं गाव विचारलं. मी तालुका सांगितला. तिने गाव विचारलं. सांगावं लागलं.

"अय्या, तिथल्या विहारामागे माझी मावशी राहते की," ती म्हणाली. आणि माझ्याकडे बघत राहिली. काय बघितलं, मला माहीत नाही. बूट घालून दारात उभी राहिली, आणि अगदी हळू, बाहेर ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाली, "जय भीम, भाऊ."

मी म्हणालो, "नमस्कार."

माझ्या वडिलांनी उभ्या आयुष्यात त्या शब्दाला दुसरं उत्तर दिलं नव्हतं. तालुक्याच्या फौजदारालाही नाही.

ती रागावली नाही. मान हलवली, आपल्याकडे ताप उतरत नसलेल्या पेशंटसमोर नर्स हलवते तशी. "बरं," म्हणाली. "मला मत नाही दिलं तरी चालेल. पण ऐकायला या. ठरवून येऊ नका."

मी ठरवून गेलो.

सभा रविवारी होती, एका शाळेच्या हॉलमध्ये. आमची माणसं एकत्र बसली होती, डाव्या बाजूला, लग्नात मुलाकडचे बसतात तशी. मला तिथे जागा उरली नाही. मी मधल्या रांगेत एका म्हाताऱ्या गोऱ्याशेजारी बसलो. ग्रॅहम. दुधाचा टँकर चालवून निवृत्त झालेला, शॉर्ट्स आणि जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून आलेला. पार्टीचा जन्माचा सभासद, बापही सभासद होता म्हणाला. मी विचारलं, म्हणजे तुमचं ठरलेलं असेल. त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी काहीतरी अडाण्यासारखं बोललो.

"अजून कुठे ऐकलंय मी त्यांना," तो म्हणाला.

मला त्याचा हेवा वाटला. हे त्याला कळलं नसेल. त्याचं मत त्याच्या खिशात होतं. कुणी ताट धरलं नव्हतं त्याच्यापुढे. बापाची पार्टी धरून तो मोकळा राहू शकत होता. मी आयुष्यभर मोकळं व्हायला धडपडलो आणि प्रत्येक दारात कुणाचा तरी होऊन आत गेलो.

ब्रेंट बोलला. बरं बोलला. मग सुजाता. किया ओरा, असा इथला नमस्कार केला आणि आजीपासून सुरुवात केली. आजी दुसऱ्यांच्या गोठ्यात शेण काढायची, आणि त्याच घरात तिला पाणी वरून वाढायचे. गोऱ्यांना नीट कळलं नसेल. आमच्या डाव्या बाजूला मात्र बरोबर कळलं. खुर्च्या कुरकुरल्या.

प्रश्नांच्या वेळी आमच्यातला एक जण उठला. गॅरेजमध्ये होता तो. इंग्रजीत, गोड आवाजात विचारलं, तुम्ही सगळ्या भारतीयांच्या उमेदवार आहात की फक्त तुमच्या कम्युनिटीच्या? कारण आम्ही इथे जातपात मागे ठेवून आलोय.

सुजाता म्हणाली, "तुम्ही मागे ठेवून आलात, कारण तुम्हाला ठेवता आली. मी लपवत नाही, एवढंच."

ती सगळ्या हॉलवरून नजर फिरवत होती. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. मधल्या रांगेत ग्रॅहमकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं नाही. मुद्दाम बघितलं नाही. एका नजरेत ती मला उघडं पाडू शकत होती. तिने मला झाकलं. स्वतः उघड्यावर उभी राहून मला झाकलं.

उठावं असं वाटलं. उठून म्हणावं की मीही तिच्याच लोकांतला. मी बसून राहिलो.

मग मतदान. गुप्त. पडद्यामागे मी एकटा, हातात पेन. कुणालाही कळणार नव्हतं. दादांना नाही, साडूला नाही. मी ब्रेंटच्या नावापुढे खूण केली.

भीतीने? हो, पण दादांच्या भीतीने नाही. पडद्यामागे दादा नव्हते. पडद्यामागे ती हळद होती. मला वाटलं, शब्द दिलाय, हळद उचललीय, मुलीला काही झालं तर. दीक्षा घेतल्यावर माझ्या बापाने घरातले सगळे देव टोपलीत घालून नदीला सोडले होते. गावाने वाळीत टाकलं तरी एकही परत आणला नाही. त्या बापाचा इंजिनिअर मुलगा, एवढ्या दाबाची वाफ रोज हाताळणारा, फिजोआच्या पानावरच्या चिमूटभर हळदीला घाबरला. त्यांनी माझ्याकडून मत घेतलं हे खरं नाही. मी आधी देव परत घेतला, मग मत दिलं.

सुजाता पडली. अगदी थोडक्यात. आम्ही गॅरेजमध्ये उभे होतो तेवढ्या माणसांनी.

दोन आठवड्यांनी नदीकाठच्या पार्कात दादांनी बार्बेक्यू ठेवला. ब्रेंट आला, सगळ्यांशी हात मिळवला, लवकर गेला. मग दादा माझ्याजवळ आले. आता खरी निवडणूक आहे, म्हणाले. त्या बाईच्या मागची मतं नाराज आहेत, ती घरी बसतील. चारचौघांत, हातात प्लेट, सहज बोलल्यासारखे ते म्हणाले, "तुमच्या लोकांना तुम्हीच सांभाळा, सर. तुमचं ऐकतील ते."

तुमच्या लोकांना. ज्यांना मी दारात नमस्कार म्हणालो, ते आता माझे लोक. मतं गोळा करण्यापुरते.

मी प्लेट खाली ठेवली. माझं जुनं आडनाव मोठ्याने उच्चारलं. म्हणालो, "हे माझ्या बापाचं आडनाव. दादांना माहीत होतं, म्हणून माझ्या कपाळाला त्यांनी हात लावला नाही. आणि मला कुणी सांभाळायला सांगू नये. माझं मत इथून पुढे कुणाच्या ताटात नाही."

कुणी भांडलं नाही. भांडले असते तर बरं झालं असतं. एक जण म्हणाला, अहो, आम्हाला काय फरक पडतो, आम्ही मानतच नाही असलं काही. आणि सॉसेज उलटायला गेला. दादा म्हणाले, सर थकलेत.

त्यानंतर काही झालं नाही. हेच झालं. मंडळाच्या ग्रुपमधून कुणी आम्हाला काढलं नाही. फक्त दुसरा ग्रुप तयार झाला. बायकोला हळदी-कुंकवाचं बोलावणं आलं नाही. मुलीने विचारलं, डॅड, आपण आता जात का नाही? मी सगळं सांगितलं, पण भंडाऱ्याचं सोडून. ब्रेंट निवडून आला. दादांचं कौन्सिलचं जवळजवळ ठरलंय. सुजाता पार्टी सोडून पामर्स्टन नॉर्थच्या हॉस्पिटलात गेली. पुन्हा उभी राहणार नाही, असं ऐकलं.

मागच्या महिन्यात सुपरमार्केटात ग्रॅहम भेटला. त्याने ऐकून सुजाताला मत दिलं होतं. अजून हळहळत होता. "इतकी चांगली बाई," म्हणाला, "आणि लोक ऐकायच्या आधीच ठरवून आले होते, मला तसं वाटतं." त्याला माहीत नव्हतं, तो कुणाशी बोलतोय. मी मान हलवली. पुन्हा तीच नुसती मान.

त्या दिवशी घरी येऊन हे लिहायला बसलो.

पार्टीची वार्षिक सभा त्याच हॉलमध्ये असते. मी अजून सभासद आहे. राजीनामा दिला नाही, कारण बाहेरून ओरडणाऱ्याचं कुणी ऐकत नाही. यंदा मी उठणार आहे. आमची मतं ऐकून पडली नव्हती, शपथ घालून बांधली होती, कुठे बांधली, कुणी बांधली, हे इंग्रजीत, सावकाश, माझ्या बापाच्या आडनावाने सांगणार आहे. त्याने काही बदलणार नाही. निकाल उलटणार नाही. दादा हसतील, ब्रेंटला आठवणारही नाही. मुलीला त्याआधी सांगायचंय, हेच वाचून दाखवून.

सुजाताचं मी एक मत देणं लागतो. ते आता फेडता येत नाही. त्या हॉलमध्ये उभं राहून खरं बोलणंही लागतो. ते फेडता येतं. अजून फेडलेलं नाही.