शोभेच्या अळूचा खुनी कोण?

आमच्या अमेरिकेतल्या, पार्सिपनीच्या घरासमोरच्या कोपऱ्यात सतीशने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, दोन वर्षांत दोन शोभेची अळवं मारली. इथे त्याला एलिफंट इअर म्हणतात. पान एवढं मोठं की खाली माणूस बसावा, आणि वडी मात्र होत नाही! मग लावायचं कशाला, हा माझा साधा प्रश्न. "थंडीत टिकणारी जात आहे गं," म्हणून तो लावायचा, आणि वसंतात तिथे नुसता चिखल. "तुझ्या हाताला गुणच नाही," मी चारचौघांत म्हणायची. तिसरं लावलं तेव्हा तो हसला नाही. "हेही गेलं तर खडी टाकू तिथे. नाहीच माझ्या हाताला गुण," म्हणाला. मला कसंतरीच झालं. पोकोनोच्या डोंगरात एक बाई हीच अळवं बर्फात जगवतात, असं वाचलं होतं. म्हटलं, चल, त्यांनाच विचारू.

सप्टेंबरातल्या शनिवारी सकाळी निघालो. आय-८० हायवे सरळ पश्चिमेला. डेलावेअर नदीवर टोल जातानाच लागतो, येताना नाही. पुढे फोनला रेंज नसते, मॅप आधीच डाउनलोड करा. मागच्या सीटवर आमची चौदा वर्षांची ईरा "हाउ मच लाँगर?" करत होती. वाटेत एका डायनरमध्ये पिरोगी खाल्ल्या. बटाट्याचं सारण भरलेली उकडलेली करंजीच ती! चवीला अगदी शांत, तेव्हा पर्समध्ये लसणाची चटणी असू द्या. माझ्या होती.

बागेत जुने बूट घालूनच जा, चिखल फार. त्या बाई, सत्तरीच्या डोना, गमबूट घालून पुढे, आम्ही मागे. अळवं माझ्या डोक्याच्या वर गेलेली. ईरा एका पानामागे गेली तर दिसेना!

"पहिल्या फ्रॉस्टला, दव गोठलं की, पानं काळी पडतात," डोना सांगत होत्या. "मग देठ कापायचे आणि वर वाळक्या पानांचा गुडघाभर ढीग रचायचा. वसंतापर्यंत त्याला हात लावायचा नाही."

"मी हेच करतो," सतीश म्हणाला. "पण ढीग टिकतच नाही. वाऱ्याने उडत असणार."

"गुडघाभर ढीग? सगळा?" डोनांनी विचारलं.

मी पर्समध्ये उगाच चटणी शोधू लागले. कारण दिवाळीच्या आदल्या आठवड्यात, सतीश ऑफिसात असताना, मी अंगण लख्ख करते. वाळका पाला दिसला की ब्राउन बॅगेत भरायचा आणि रस्त्याकडेला कचरागाडीसाठी ठेवायचा. दारात कचरा ठेवून लक्ष्मीपूजन कसं करणार?

"आई!" ईरा ओरडली. "इट वॉज यू! दिवाळी क्लीनिंग!"

सतीशने माझ्याकडे पाहिलं. मग जो हसत सुटला, तो डोळे पुसेपर्यंत. डोनांना दिवाळी म्हणजे काय, हे त्यानेच समजावलं, माझ्याकडे बोट दाखवत.

परतीला मी म्हटलं, "चुकलं रे माझं. दोन वर्षं उगाच बोलले तुला."

"पुन्हा म्हण. ईरा, रेकॉर्ड कर."

त्या दिवाळीला मी ढिगाला वळसा घालून रांगोळी काढली. फराळाला आलेल्या शेजारच्या काकू दारातच थबकल्या. "अगं, एवढं घर आवरलंस आणि हा कचरा राहिला की!"

"कचरा नाही काकू, अळू झोपलंय," मी म्हटलं. हात मात्र शिवशिवत होते, खोटं कशाला बोलू!

वसंतात सतीशने ढीग बाजूला केला, पण मे संपत आला तरी मातीत काही दिसेना. तो रोज डोकावून यायचा. मी खराट्याकडे बघायचंही टाळत होते. जूनच्या एका सकाळी त्याने बाहेरून हाक मारली. चिखलातून बोटाएवढा कोंब वर आला होता, पानाची घट्ट गुंडाळी.

मी खाली वाकून बघितलं. "आहे रे तुझ्या हाताला गुण," मी म्हटलं.

"माझ्या कुठला?" तो म्हणाला. "तू हात लावला नाहीस, त्याचा गुण."