जळक्या क्लचचा वास
चढावर रिक्षाचा क्लच जळाला की मला धूलकोटजवळचं आमचं शेत आठवतं. मध्य प्रदेश नवा झाला त्या वर्षांत एकदा आमचा जुना ट्रॅक्टर नुसता गुरगुरू लागला, असाच जळका वास सुटला, नांगर जागचा हलेना. थोरले भाऊ ड्रायव्हरवर ओरडले, "क्लचवर पाय ठेवूनच चालवतोस! उद्यापासून येऊ नको." तो म्हणाला, "भाऊ, एक बार खाली वाकून तर पाहा." तो गेल्यावर मी वाकलो. पेडलला बोटभरही ढील नव्हती. क्लचची प्लेट झिजली की पेडलची दांडी सैल करायची असते, नाहीतर पाय न ठेवताही क्लच अर्धा दाबलेला राहतो. पेडल खडखडतं म्हणून आदल्या रविवारी मीच ती उलट कसली होती. गुपचूप नट सैल केला, नांगर चालला. भाऊ म्हणाले, "पाहिलं? तो गेला अन् ट्रॅक्टर सुधारला." मी म्हणालो, "हो ना." रिक्षात बाकीचे नाकाला रुमाल लावतात. मला किळस माझीच येते.