घाटीवरचा कठडा

आमच्या वाडीच्या सेवा मंडळाला दहा वर्षे झाली, तेव्हा मी नुकताच बी.ए. होऊन गावी आलो होतो. वाडीतला पहिलाच पदवीधर. सावंतवाडीला शिकत असताना माझ्या राहण्याजेवणाची सोय मंडळानेच केली होती. त्यामुळे दशकपूर्तीच्या स्मारकाचे काम माझ्याकडे आले, ते मी मोठ्या मानाचे समजलो.

मंडळाचे अध्यक्ष म्हणजे वाडीतले म्हातारे तांडेल. सारा जन्म गलबतावर गेलेला. त्यांना देवळासमोर उंच खांब हवा होता. "मंडळान काय केल्यान ता नातवंडांका दिसाक होया," ते म्हणत. मंडळाने आजाऱ्यांना डोलीतून मालवणला पोचवले होते, जळलेली घरे पुन्हा शाकारून दिली होती. पण त्यातले डोळ्यांना दिसेल असे काहीच उरले नव्हते. म्हाताऱ्याची ती खंत खरी होती. खांबासाठी चिरे वाडीनेच खाणीवरून वाहून आणले.

खांब केवढा बांधायचा ते ठरवायच्या सभेला बायकाही आल्या. माझी आई आणि तिच्या सोबतिणी रोज माशांच्या टोपल्या डोक्यावर घेऊन घाटी चढत आणि वरच्या गावांत विकत. माझी फी आणि पुस्तके तिच्या त्या फेऱ्यांतूनच आली. वाटेत दम लागला तरी टोपली उतरवायची सोय नव्हती. जमिनीवर ठेवली तर परत डोक्यावर चढवायला दुसरे माणूस लागते. शेजारची काकी म्हणाली, "भावजीनू, खांब बरो. पण त्येच्यार टोपली टेकवूक गावतली काय?"

पुरुष हसले. तांडेल हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते एकटेच घाटी चढून गेले आणि अर्ध्या वाटेवर बराच वेळ बसून राहिले. परत येऊन एवढेच म्हणाले, "चिरे वर न्हेया."

अर्ध्या वाटेवर टोपल्या टेकवायला कठडा बांधायचे ठरले. आता त्याच्या उंचीवरून तिथे चढावरच बायकांची जुंपली. काकी ताडमाड, आई बुटकी.

"तुझ्या मापान बांधलो तर माका शिडी होयी," आई म्हणाली.

"आणि तुझ्या मापान बांधलो तर माका वाकूक होया. टोपली खाली येतली, मगे मासळी कुत्र्यांची."

बोलता बोलता आई चढावर थोडी वर सरकली आणि तिथून काकीच्या मापाच्या रेषेत हात आडवा धरून बघितला. "हयसर माका पुरता गो." माथा सपाट ठेवून लांब कठडा बांधला, की चढावर प्रत्येकीला आपल्या उंचीची जागा सापडते, हे तेव्हा सगळ्यांच्या ध्यानात आले.

उद्घाटनासाठी मी भाषण पाठ केले होते. सुरुवात करतो तोच बायका खालून आल्या आणि कार्यक्रमाचा मान राखून टोपल्यांसकट उभ्या राहिल्या. तांडेलांनी मला थांबवले. "झिला, भाषण मागसून. आधी तेंका भार उतरूंदे."

एकेक टोपली कठड्यावर सरकली. एकीलाही दुसरीची मदत लागली नाही. तांडेल टोकाला उभे राहून शेवटच्या टोपलीपर्यंत बघत होते. मग त्यांनी डोक्यावरची टोपी सारखी केली.

"हां, आता बोल."

मी मंडळाचे दहा वर्षांचे काम सावकाश सांगितले. डोक्यावर भार नसल्यामुळे कोणालाच घाई नव्हती.