अक्काची पाळ

रविवारी संध्याकाळी शहराबाहेरच्या तळ्यावर पाय ठेवायला जागा नसते. पायडलच्या होड्या, भेळेच्या गाड्या, पाळीवर चालण्यासाठी घातलेली फरशी. ही पाळ बहात्तरच्या दुष्काळात बायामाणसांनी डोक्यावरून माती वाहून घातली, हे आता तिथं कुणी सांगत नाही. आमच्याकडे मात्र दर रविवारी सांगितलं जातं, आणि मला ते ऐकवत नाही.

आईला तळ्यावर मी नेते. रिक्षा मी ठरवते. गोळ्या, पाणी, शाल मी घेते. गावच्या दूध सोसायटीची सचिव आहे, कामं वेळेवर लावायची सवय आहे. पण बाकावर बसलं की आई हात धरते तो अक्काचा. अक्का माझी थोरली बहीण; दुष्काळात ती आईबरोबर मातीच्या पाट्या वाहत होती. पुढे ती नवऱ्यासोबत ऊसतोडीला गेली, मी शिकले. तरी पाळ त्या दोघींचीच.

"दुष्काळात सरकारी सुकडी खायला मिळायची ती जागा हीच न्हवं गं?" आई विचारते.

"न्हाई माय, ती तिकडं, भेळवाल्यापाशी."

आणि दोघी हसतात. एकदा मला राहवलं नाही.

"मला का नेत नव्हतीस कामावर?"

"तू व्हतीस की," आई म्हणाली. "खांबावर."

पाळीच्या मातीसाठी खड्डा खोदताना मधोमध मातीचा एक खांब तसाच ठेवत. त्याच्या उंचीवरून किती खोदलं ते मोजून मजुरी ठरे; माप होईपर्यंत त्याला कुदळ लावायची नाही. आईनं मला त्यावर बसवलं होतं. खड्डा खोल होत जाई तशी मी उंच होई. उतरता येत नसे, म्हणजे हरवायची भीती नाही.

"आमी मातीत अन् ही राणीवानी वर," अक्का म्हणाली. "लई राग यायचा. वाटायचं, द्यावं ढकलून."

"मग दिलं का नाहीस?"

"खांब ढासळला असता. माप कशावरून घेतलं असतं?"

त्या दिवशी त्यांच्या हसण्यात मीही हसले. मग विचारलं, खांब नेमका कुठं होता? आईनं होड्यांकडे बोट केलं, अक्कानं सांडव्याकडे. दोघी हमरीतुमरीवर आल्या.

"आई म्हणते तेच बरोबर असणार," मी म्हणाले.

"तुला काय ठावं?" दोघी एकदमच म्हणाल्या.