पंखा गप्प झाला तेव्हा

शिलाई मशिनं दुरुस्त करण्यात आप्पांचा जन्म गेला, त्यामुळे कुठलंही यंत्र ते आधी कानानं तपासत. घरचा कॉम्प्युटर आता म्हातारा झाला होता. नातीच्या जिम्नॅस्टिक्सचा व्हिडिओ लावला की त्याचा पंखा घरघरायचा आणि नात अडखळत उडी मारायची. "नवा घ्या," म्हणून सगळ्यांनी डोकं खाल्लं, पण आप्पा हटून बसले. शेवटी त्यांना गोम सापडली. सगळा भार प्रोसेसर एकटाच वाहत होता आणि चित्रं दाखवण्यासाठीच असलेलं ग्राफिक्स कार्ड नुसतं बसून खात होतं! त्यांनी कार्ड चालवणारा ड्रायव्हर प्रोग्रॅम घातला, प्लेअरमध्ये व्हिडिओ दाखवायचं काम कार्डाकडे सोपवलं, व्हिडिओ लावला आणि सवयीनं टेबलाखाली वाकून कॉम्प्युटरच्या डब्याला कान लावला.

घरघर एकदम थांबली.

"पंखा मेला!" असं ओरडून आप्पांनी प्लग उपटला.

वर खुर्चीत बसून व्हिडिओ बघणारी बायको किंचाळली, "अहो, झकास चालला होता की! पोरगी हवेत होती आणि तुम्ही वीज तोडलीत!"

"न अडखळता?" टेबलाला डोकं आपटत आप्पा बाहेर आले.

"एकदाही नाही!"

त्यांनी प्लग पुन्हा लावला आणि व्हिडिओ पहिल्यापासून सुरू केला. या खेपेला बायकोनं मागून त्यांचे दोन्ही कान घट्ट झाकले, आणि नात हवेत गिरकी घेऊन अलगद जमिनीवर उतरली.