धम्मानंदभाऊंची बुजरी

धम्मानंदांच्या शोकसभेत कुणीतरी म्हणालं, "आता दत्तराव बोलतील. अकरा वर्षांचे शेजारी." दत्तराव उभे राहिले, उपरण्यानं तोंड पुसलं आणि तसेच खाली बसले. बोलणार काय? धम्मानंदांचं जन्मगाव कोणतं, हेसुद्धा त्यांना त्या दिवशी दुसऱ्याच्या तोंडून कळलं. येलदरीच्या वीजघरात नोकरीला असताना सुटीच्या दिवशी ते तिथल्या पोरांना पोहायला शिकवायचे, हेही तिथंच कळलं. अकरा वर्षं रोज संध्याकाळी शेजारी बसून चहा प्यायला. पण दत्तरावांना ठाऊक होती ती त्यांच्या चहातली साखर, आणि मासे.

मासे साधे नव्हते, समुद्राचे होते. निवृत्तीनंतर धम्मानंदांनी पुढच्या खोलीत काचेची मोठी टाकी बसवली होती. गाळलेल्या पाण्यात मोजून समुद्री मीठ कालवायचं, दगडांवर प्रवाळ वाढवायचं, उन्हाळ्यात पाणी तापू नये म्हणून वरून पंखा सोडायचा. वीज गेली की माणसं उकाड्यात, पण टाकीला इन्व्हर्टर. दत्तराव चेष्टा करायचे, "भाऊ, नळाला आठ दिवसाला पाणी, अन् तुमच्या घरात समिंदर!"

"म्हनून तर ठिवलाय," धम्मानंद म्हणायचे. "कदी आटला तर तुमाला बलावतो."

त्यांच्या पत्नी सरजाबाई शेवटचे सात महिने त्या टाकीसमोरच्या खाटेवर होत्या. पांढऱ्या तोंडाचा, तांबड्या शेपटीचा एक बोटभर मासा त्यांचा आवडता. माणूस जवळ आला की तो दगडाच्या भोकात शिरायचा. फक्त सरजाबाईंनी काचेला बोट लावलं की बाहेर यायचा. त्यांनी त्याचं नाव बुजरी ठेवलं. त्या गेल्यावर धम्मानंद तसंच बोट लावून बसायचे. दोन महिन्यांनी बुजरी त्यांच्याही बोटाला यायला लागली. त्या दिवशी ते दत्तरावांच्या दारात येऊन सांगून गेले. एवढे खूश ते नंतर कधी दिसले नाहीत.

मग पुण्याहून त्यांची लेक सुकेशनी आली. बापाला एकटं वाटू नये म्हणून तिनं एक नवा मासा आणला. जांभळा, अंगावर सहा नारिंगी पट्टे. दिसायला सोन्यासारखा.

ती गेल्यावर धम्मानंद कपाळाला हात लावून म्हणाले, "दत्तराव, हे लय भांडखोर जनावर हाय. एकदा टाकी आपली मानली की दुसऱ्याला राहू देत न्हाई. पर लेकीनं इतक्या लांबून आनलं, न्हाई कसं म्हनावं?"

त्यांनी भोकांची प्लॅस्टिकची टोपली टाकीत अडकवली आणि नव्याला तिच्यात ठेवलं. "पंधरा दिवस असाच. एकमेकाला बघू द्यायचं. मग सगळे दगड हलवायचे, दिवा बंद करायचा अन् सोडायचा. समद्यांचंच घर नवं. कुनीच मालक न्हाई."

पाचव्या दिवशी त्यांना छातीच्या तपासणीसाठी संभाजीनगरला जावं लागलं. तीन दिवस. किल्ली दत्तरावांकडे देताना त्यांनी एकच सांगितलं, "चिमूटभर खाऊ घाला. बाकी कशाला हात लावू नका."

दत्तराव पिंगळीकडच्या शेळ्या राखणाऱ्या घरातले. बाजारातून नवी शेळी आणली की त्यांचे वडील तिला वेगळी बांधत नसत. "येगळी बांधली की झुरती," म्हणायचे. तिच्या अंगाला गोठ्यातली माती चोळायची आणि कळपात सोडायची. एक दिवस टकरा होतात, दुसऱ्या दिवशी सगळ्या एका गव्हाणीला. दत्तरावांनी हे जन्मभर पाहिलेलं.

दुसऱ्या दिवशी पट्टेवाल्यानं खाल्लं नाही. टोपलीच्या भोकांवर तोंड आपटत राहिला. आपल्या ताब्यात असताना हा मेला तर? दत्तरावांनी फोन हातात घेतला. पण दवाखान्यात पडलेल्या माणसाला माशाचं काय विचारायचं, म्हणून खाली ठेवला. टाकीवरची जाळी सरकवली, टोपलीची खिटी काढली. पट्टेवाला झर्रकन बाहेर आला, दोन फेऱ्या मारल्या, खाऊ खाल्ला. दत्तराव स्वतःवरच खूश झाले.

सकाळी बुजरी भोकात नव्हती. बराच वेळ त्यांनी काचेला बोट लावून पाहिलं. पट्टेवाला तेवढा येऊन बोटाकडे बघून गेला. मग टाकीच्या मागं फरशीवर ती दिसली, वाळून कडक झालेली. पट्टेवाल्यानं पळवून पळवून तिला पाण्याबाहेर उडायला लावलं होतं, आणि जाळीचा एक कोपरा दत्तरावांनी नीट बसवला नव्हता.

धम्मानंद आले. दत्तरावांनी कागदाची पुडी त्यांच्या हातात दिली आणि एवढंच म्हणाले, "उडाली, भाऊ."

धम्मानंदांनी पुडी उघडून पाहिली. मग टाकीकडं पाहिलं. मोकळा फिरणारा पट्टेवाला, रिकामी टोपली. आजारी माणूस, प्रवासानं आणखीच काळवंडलेला. पुडी परत मिटत म्हणाले, "टोपलीची खिटी ढिलीच होती. माजीच चूक. तुमी जीवाला लावून घेऊ नका."

खिटी ढिली नव्हती. ती काढायला दत्तरावांना दोन्ही हातांची नखं लावावी लागली होती. दोघांनाही ते माहीत होतं.

त्यानंतर सतरा दिवस धम्मानंद होते. दत्तराव रोज ठरवून जायचे, आज सांगू: मी सोडला. रोज चहा यायचा, पावसापाण्याच्या गोष्टी व्हायच्या, आणि ते तसेच परतायचे. धम्मानंद काचेला बोट लावत नसत आता. टाकीकडं पाठ करून बसत.

शेवटच्या संध्याकाळी दत्तराव फाटकापर्यंत जाऊन परत वळले. धम्मानंद दारातच उभे होते, चौकटीला हात टेकून.

"भाऊ," दत्तराव म्हणाले.

"काय वो?"

दत्तरावांच्या तोंडात शब्द आला होता. धम्मानंद वाट बघत होते. घाई नव्हती त्यांना.

"काई न्हाई. दार लावून घ्या. डास यायलेत."

"लावतो. उद्या येताना कडीपत्ता आना जरा, तुमच्या झाडाचा."

"किती आनू?"

"मूठभर पुरं."